पोलादाच्या भावाची चौकशी

प्रस्तावना

२१ एप्रिल २०२५ रोजी केंद्रीय अर्थ मंत्रालयाने अधिसूचना काढली आणि परदेशातून येणाऱ्या सपाट पोलादावर २०० दिवसांसाठी १२ टक्के तात्पुरते सेफगार्ड शुल्क लागू झाले. सपाट पोलादात हॉट रोल्ड आणि कोल्ड रोल्ड कॉइल, प्लेट, जस्ताचा थर दिलेला पत्रा आणि रंगीत पत्रा येतो. गाडीच्या दरवाजापासून गोदामाच्या छपरापर्यंत ज्याला ज्याला पत्रा लागतो, त्याचा या निर्णयाशी संबंध होता. चर्चा झाली ती मात्र फक्त बारा या आकड्याची. डिसेंबर २०२४ मध्ये इंडियन स्टील असोसिएशनने मोठ्या उत्पादकांच्या वतीने केलेल्या अर्जावर चौकशी सुरू झाली होती आणि तीन महिन्यांनी प्राथमिक निष्कर्ष आले होते. त्या काळात कोणी काय मांडले, कोणाचे हिशेब तपासले गेले, कोणाचे म्हणणे टिकले आणि कोणाचे बाजूला पडले, हे मराठीत वाचायला मिळणे जवळपास अशक्य आहे. ती उणीव भरून काढण्याच्या इच्छेतून हे पुस्तक लिहिले आहे.

विषय कायद्याचा आणि हिशेबाचा आहे, म्हणून तो वकील आणि कॉस्ट अकाउंटंट यांच्यावर सोपवून द्यावा, असे अनेकांना वाटते. मला तसे वाटत नाही. एखाद्या वस्तूचा भाव न्याय्य आहे की नाही, असा प्रश्न सरकार अधिकृतपणे विचारते, दोन्ही बाजूंना बोलावते, पुरावा मागते आणि कारणे देऊन निर्णय लिहिते, असे प्रसंग आपल्या आर्थिक जीवनात फार थोडे आहेत. बाजारातला भाव आपण सहसा हवामानासारखा स्वीकारतो. इथे त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले जाते. अशा चौकशीचा अर्थ सामान्य वाचकाला कळला पाहिजे आणि ती ज्यांच्या पोटाशी जोडलेली आहे, त्यांनी तिच्यात भाग घेतला पाहिजे, हे या पुस्तकाचे सांगणे आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न एकाच जिल्ह्यात दोन तोंडांनी बोलतो. रायगड जिल्ह्यात धरमतर खाडीकाठी डोलवीला जेएसडब्ल्यूचा प्रचंड कारखाना आहे. तिथली कॉइल आणि जहाजाने येणारी स्वस्त कॉइल यांची थेट गाठ पडते. त्याच जिल्ह्यात कळंबोलीचा लोखंड-पोलाद बाजार आहे. तिथल्या व्यापाऱ्याला देशी माल काय आणि आयातीचा माल काय, भाव आणि पुरवठा यांच्याशी मतलब. पुढे चाकण, भोसरी, सातपूर, वाळूज इथल्या प्रेसशॉपवाल्याला पत्रा स्वस्त हवा, कारण त्याच्या खर्चातला सर्वांत मोठा वाटा पत्र्याचाच असतो आणि ज्या मोठ्या कंपनीला तो सुटे भाग पुरवतो, ती कंपनी भाव वाढवून देईलच याची खात्री नसते. नागोठण्याची महाराष्ट्र सीमलेस आणि बारामती व अहिल्यानगरची आयएसएमटी या कंपन्यांनी चिनी सीमलेस पाइपच्या विरोधात दाद मागितली आणि त्या पाइपवर अँटी-डम्पिंग शुल्क बसले. उलट जालन्याच्या भट्ट्यांमधून निघणारी सळई २०२५ च्या सेफगार्ड शुल्काच्या कक्षेत नव्हती, कारण ती सपाट पोलादात मोडत नाही. एकाच राज्यात कोणी शुल्क मागतो, कोणी त्याचा भार सोसतो, कोणाला त्याने काहीच फरक पडत नाही. म्हणून ‘देशी उद्योगाचे हित’ हे तीन शब्द उच्चारताना कोणता उद्योग हे विचारावे लागते.

डम्पिंगची व्याख्या सोपी आहे. निर्यातदार आपल्या देशात ज्या भावाने माल विकतो त्याहून कमी भावाने तो दुसऱ्या देशात विकत असेल, तर ते डम्पिंग. स्वस्त विकणे हा इथे गुन्हा नाही. घरात एक भाव आणि बाहेर त्याहून कमी भाव, हा भेद तपासायचा असतो. या भेदावर शुल्क लावणारा पहिला कायदा कॅनडाने १९०४ मध्ये केला आणि त्यामागेही पोलादच होते. अमेरिकेतल्या बड्या पोलाद कंपन्या रेल्वेचे रूळ कॅनडात स्वस्तात विकतात, अशी तिथल्या उत्पादकांची तक्रार होती. सरसकट आयात शुल्क वाढवावे अशी त्यांची मागणी, तर शुल्कवाढीला शेतकऱ्यांचा विरोध. अर्थमंत्री विल्यम फील्डिंग यांनी मधला मार्ग काढला: ज्याचा भाव अन्यायाचा, त्याच्यापुरतेच जादा शुल्क. पुढे अर्थशास्त्रज्ञ जेकब व्हायनर यांनी १९२३ मध्ये डम्पिंगवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, १९४७ च्या गॅट कराराच्या सहाव्या कलमात ही कल्पना आली आणि १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली तेव्हा तिचे तपशीलवार नियम सर्व सदस्य देशांना बंधनकारक झाले.

आपल्याकडे पोलादाच्या भावाची पहिली मोठी सरकारी चौकशी शंभर वर्षांपूर्वी झाली. पहिल्या महायुद्धानंतर युरोपचे, विशेषतः बेल्जियमचे, पोलाद भारतात पडत्या भावाने येऊ लागले आणि जमशेदपूरचा टाटांचा कारखाना संकटात सापडला. १९२३ मध्ये नेमलेल्या टॅरिफ बोर्डाकडे हे प्रकरण गेले. जॉर्ज रेनी अध्यक्ष होते आणि दोन सदस्यांपैकी एक होते फर्ग्युसन कॉलेजातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक वामन गोविंद काळे. पुढे १९३५ मध्ये ज्यांनी बँक ऑफ महाराष्ट्रच्या स्थापनेत पुढाकार घेतला, तेच हे काळे. बोर्डाने साक्षी घेतल्या आणि त्या छापून प्रसिद्ध केल्या. कारखान्याचा उत्पादनखर्च आणि भांडवलावरचा रास्त परतावा धरून पोलादाला किती भाव मिळाला पाहिजे हे काढले, आयात मालाचा भाव त्याच्याशी ताडून पाहिला आणि दोहोंतल्या अंतरावर शुल्काची शिफारस केली. त्यातून १९२४ चा पोलाद उद्योग संरक्षण कायदा झाला.

त्या चौकशीतल्या दोन गोष्टी आज पुन्हा आठवण्याजोग्या आहेत. पहिली अशी की संरक्षणाला अटी होत्या. उद्योगाला नैसर्गिक अनुकूलता हवी, संरक्षणावाचून त्याची वाढ होणार नाही हे दिसायला हवे आणि पुढे कधी तरी तो संरक्षणाशिवाय जगाशी टक्कर देऊ शकेल अशी आशा हवी. १९२१-२२ च्या फिस्कल कमिशनने घालून दिलेल्या या तीन कसोट्या होत्या. कायदाही तीन वर्षांचा होता आणि त्यानंतर पुन्हा चौकशी होणार होती. दुसरी गोष्ट अशी की पोलाद महागले तर पूल, वॅगन आणि लोखंडी बांधकाम करणाऱ्यांचे काय होईल, हा प्रश्न बोर्डाने टाळला नाही. कच्चा माल महागल्याचा फटका या कारखान्यांना बसू नये म्हणून त्यांचीही वेगळी चौकशी झाली. उत्पादक आणि वापरणारा यांना एका तराजूत तोलण्याची शिस्त या देशात नवी नाही. ती आपणच एके काळी पाळली होती.

आजची व्यवस्था १९७५ च्या कस्टम्स टॅरिफ कायद्यावर उभी आहे. त्यात तीन वेगळी हत्यारे आहेत आणि बातम्यांत त्यांची सर्रास सरमिसळ होते. अँटी-डम्पिंग शुल्क निर्यातदार कंपनीच्या भावावर बोट ठेवते. प्रतिपूरक शुल्क परदेशी सरकारने दिलेल्या अनुदानावर बोट ठेवते: स्वस्त जमीन, स्वस्त कर्ज, स्वस्त वीज, कच्च्या मालावरची सवलत. सेफगार्ड शुल्क कोणालाही दोषी धरत नाही. आयात अचानक वाढली आणि देशी उद्योगाला गंभीर इजा झाली, एवढे त्याला पुरते. म्हणूनच ते थोड्या काळासाठी असते आणि दरवर्षी कमी होत जाते. २०२५ च्या प्रकरणात ऑगस्टमध्ये तीन वर्षांसाठी १२, ११.५ आणि ११ टक्के अशी उतरती शिफारस झाली, ती याच नियमामुळे. एप्रिलच्या अधिसूचनेत आणखी एक महत्त्वाचा तपशील होता. प्रत्येक प्रकारच्या मालाला एक किंमत ठरवून दिली होती. हॉट रोल्ड कॉइलसाठी ती टनाला ६७५ डॉलर. त्या किंवा त्याहून जास्त किमतीने येणाऱ्या मालावर हे शुल्क नव्हते. म्हणजे महाग, खास दर्जाचा माल मागवणाऱ्याला त्याची झळ बसणार नव्हती. बारा टक्क्यांच्या आकड्यापेक्षा हा तपशील कारखानदाराला अधिक उपयोगाचा होता.

या चौकशा व्यापार उपाय महासंचालनालय करते. उद्योगजगतात त्याला डीजीटीआर म्हणतात. १९९८ मध्ये अँटी-डम्पिंगसाठी वेगळे महासंचालनालय झाले आणि २०१८ मध्ये सेफगार्डचे काम त्याला जोडून आजची रचना आली. अँटी-डम्पिंग चौकशीचा अर्ज कोणीही उठून करू शकत नाही. अर्जाच्या पाठीशी देशातल्या एकूण उत्पादनापैकी किमान २५ टक्के उत्पादन करणारे हवेत आणि मत देणाऱ्यांत विरोधापेक्षा पाठिंब्याचे उत्पादन जास्त हवे. प्रकरण दाखल झाले की बहुतेक वेळा एका वर्षाचा काळ चौकशीसाठी धरतात आणि इजा तपासायला त्याआधीची तीन वर्षे जोडतात. निर्यातदारांना प्रश्नावली जाते. कंपन्यांची गुपिते झाकून प्रत्येक निवेदनाची सार्वजनिक प्रत ठेवावी लागते. तोंडी सुनावणी होते. डम्पिंगचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत असेल तर प्रकरण तिथेच संपते.

हिशेब कसा होतो ते एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. समजा, एखादा निर्यातदार आपल्या देशात कॉइल कारखान्याच्या दारात टनाला ६०० डॉलरने विकतो आणि भारतासाठी तीच ५४० डॉलरने. फरक ६० डॉलर, म्हणजे निर्यात किमतीच्या सुमारे ११ टक्के. हे डम्पिंगचे प्रमाण झाले. आता तो माल २० डॉलर वाहतूक धरून आपल्या बंदरात ५६० डॉलरला पडतो आणि साडेसात टक्के सीमाशुल्क भरल्यावर ६०२ डॉलरला. देशी उत्पादकाला इजा होऊ नये म्हणून जो भाव मिळायला हवा तो हिशेबाने ६४० डॉलर निघाला, तर इजेचे प्रमाण ३८ डॉलर होते. भारतीय पद्धतीत या दोहोंपैकी लहान आकडा घेतात. म्हणून शुल्क ६० ऐवजी ३८ डॉलरचे लागते. अन्याय दूर व्हावा, पण त्याच्या नावाखाली गरजेपेक्षा जास्त भार वापरणाऱ्यावर पडू नये, हे यामागचे तत्त्व आहे. आपल्या व्यवस्थेतले ते सर्वांत विवेकी तत्त्व आहे, असे माझे मत आहे.

खरी लढाई मात्र या ६४० च्या आकड्यावर असते. तो काढताना उत्पादकाच्या गुंतवलेल्या भांडवलावर २२ टक्के परतावा धरला जातो. हा दर उत्पादकांना आवश्यक वाटतो, वापरणाऱ्यांना तो फार उदार वाटतो. व्याजदर आणि उद्योगांचा प्रत्यक्ष नफा बदलत असताना एकच आकडा कायम ठेवणे कितपत रास्त आहे, यावर मोकळी चर्चा व्हायला हवी. पुस्तकातले एक सबंध प्रकरण या प्रश्नाला दिले आहे, कारण शुल्काचा दर बाहेरून कितीही तांत्रिक दिसला तरी तो शेवटी अशा एखाद्या गृहीतकावर उभा असतो.

चीनचा विचार केल्याशिवाय आजचे चित्र समजत नाही. २०१५ मध्ये चीनची पोलाद निर्यात ११ कोटी टनांवर गेली होती. पुढे ती उतरली. पण चीनमधला बांधकाम व्यवसाय मंदावला, भट्ट्या मात्र चालूच राहिल्या आणि २०२४ मध्ये निर्यात पुन्हा ११ कोटी टनांच्या वर पोचली. भारताचे २०२४ चे सगळे उत्पादन सुमारे १५ कोटी टन होते, त्याच्या जवळपास तीन-चतुर्थांश इतके पोलाद चीनने नुसते बाहेर पाठवले. ज्या देशाकडे ते जात नाही त्यालाही त्याचा धक्का बसतो, कारण एका बाजारातून हटलेला दुसऱ्या देशाचा माल तिसऱ्या बाजारात उतरतो. २०२३-२४ मध्ये भारत तयार पोलादाचा निव्वळ आयातदार झाला आणि २०२४-२५ मध्ये आयात ९५ लाख टनांच्या आसपास गेली. त्यातला बराच माल कोरिया आणि जपानचा होता. व्यापार करारांमुळे तो बहुतांशी सीमाशुल्काविना येतो.

याआधीचे वादळ २०१५ चे. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये हॉट रोल्ड कॉइलवर २० टक्के तात्पुरते सेफगार्ड शुल्क लागले. फेब्रुवारी २०१६ मध्ये १७३ प्रकारच्या मालावर किमान आयात किंमत ठरवली गेली आणि नंतर चीन, जपान, कोरिया, रशिया, ब्राझील व इंडोनेशिया यांच्या मालावर अँटी-डम्पिंग शुल्क आले. तरीही जून २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने दिवाळखोरीसाठी निवडलेल्या बारा मोठ्या थकबाकीदारांत पाच पोलाद कंपन्या होत्या. त्यांच्या कर्जाची कारणे आयातीपुरती नव्हती. आततायी विस्तारही त्यांत होता. शुल्क भाव सावरू शकते, चुकलेला हिशेब सावरू शकत नाही. या प्रकरणातून दुसरा धडा जिनिव्हात मिळाला. जपानने सेफगार्ड शुल्काविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये तिथल्या पॅनेलने अनेक मुद्द्यांवर भारताची चौकशी नियमांत बसत नाही असे ठरवले. भारताने अपील केले, पण अपील मंडळच डिसेंबर २०१९ पासून सदस्यांअभावी बंद पडले आहे. कारणे नीट लिहिली नाहीत तर खरी तक्रारही परदेशी मंचावर हरते, हे त्या निकालाने दाखवले.

निर्यातदारही स्वस्थ बसत नाहीत. चीनमध्ये मिश्र पोलादाच्या निर्यातीवर कर परत मिळत असे, म्हणून साध्या पोलादात कणभर बोरॉन घालून ते मिश्र पोलाद म्हणून पाठवण्याची पद्धत पडली. १ जानेवारी २०१५ पासून चीनने ती सवलत काढली. अशा पळवाटांमुळेच आपल्या अलीकडच्या अधिसूचनांत ‘मिश्र आणि अमिश्र’ असे दोन्ही शब्द दिसतात. मालाचे वर्णन किती काळजीने लिहावे लागते, हे बोरॉनच्या या गोष्टीवरून कळते.

अनुदानाची चौकशी याहून अवघड, कारण तिथे दुसऱ्या देशाच्या सरकारलाच प्रश्न विचारायचे असतात. २०१७ मध्ये चीनच्या स्टेनलेस स्टीलच्या सपाट मालावर १८.९५ टक्के प्रतिपूरक शुल्क लागले. २०२२ च्या अर्थसंकल्पात धातूंचे भाव चढे असल्याचे आणि व्यापक जनहिताचे कारण देऊन ते मागे घेतले गेले. भांडी, पाइप आणि उपकरणे बनवणाऱ्या लहान कारखान्यांना दिलासा मिळाला, स्टेनलेस बनवणाऱ्यांना धक्का बसला. महासंचालनालय शिफारस करते, अंतिम निर्णय अर्थ मंत्रालयाचा असतो. ही दुहेरी रचना योग्य आहे, पण शिफारस नाकारली किंवा शुल्क मागे घेतले की त्याची कारणेही शिफारशीइतक्याच तपशिलाने लोकांपुढे आली पाहिजेत.

भारत फिर्यादी आहे तसा आरोपीही आहे, हे विसरून चालणार नाही. २००१ मध्ये अमेरिकेने भारताच्या हॉट रोल्ड पोलादावर प्रतिपूरक शुल्क लावले. सेल, टाटा, एस्सार यांच्याबरोबर तेव्हाची इस्पात इंडस्ट्रीजही त्या चौकशीत होती. तिचाच डोलवीचा कारखाना आज जेएसडब्ल्यूकडे आहे. पुढच्या फेरतपासण्यांत अमेरिकेचा एक आरोप असा होता की सरकारी मालकीची एनएमडीसी लोहखनिज कमी भावाने देते आणि हे अनुदानच आहे. भारताने जागतिक व्यापार संघटनेत झुंज दिली आणि डिसेंबर २०१४ मध्ये अपील मंडळाने कित्येक मुद्द्यांवर भारताच्या बाजूने कौल दिला. सरकारी कंपनी म्हणजे आपोआप सरकार नव्हे, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. जी कसोटी आपण दुसऱ्याला लावतो तीच आपल्याला लागते. म्हणून आपल्या चौकशीची गुणवत्ता हा देशाच्या प्रतिष्ठेचाही प्रश्न आहे.

पुस्तकाचे चार भाग आहेत. पहिल्यात १९०४ ते १९९५ चा इतिहास आणि टॅरिफ बोर्डाची चौकशी आहे. दुसऱ्यात अर्जापासून अंतिम निष्कर्षापर्यंतची प्रक्रिया टप्प्याटप्प्याने मांडली आहे. तिसऱ्यात हॉट रोल्ड कॉइल, सीमलेस पाइप आणि स्टेनलेस या तीन मालांची प्रकरणे बारकाईने वाचली आहेत. चौथा भाग वापरणाऱ्यांसाठी आहे: लहान कारखानदार, त्यांच्या संघटना, कामगार संघटना आणि पत्रकार. घाई असलेल्या वाचकाने तिथूनच सुरुवात करावी.

चौथा भाग लिहिताना मनात एक ठाम भावना होती. १९९५ च्या नियमांत माल वापरणाऱ्या उद्योगांना माहिती देण्याची संधी मिळालीच पाहिजे, असे स्पष्ट म्हटले आहे. व्यवहारात या सुनावण्यांत मोठे उत्पादक येतात, परदेशी निर्यातदार येतात, मोठे आयातदार येतात. दोन-तीन प्रेस चालवणारा लघुउद्योजक येत नाही. त्याला नोटीस कुठे निघते ते माहीत नसते. प्रश्नावली इंग्रजीत असते, दिल्लीला जाणे परवडत नाही आणि एकट्याच्या आकड्यांनी काय होणार, असेही वाटते. पण निर्णय पुराव्यावर होतो, आणि जो पुरावा दाखल झालाच नाही त्याला कोणी वजन देऊ शकत नाही. उत्पादकाची इजा आकड्यांत दिसते आणि वापरणाऱ्याची फक्त कुरकुरीत राहते, याचे कारण एवढेच.

यावर उपाय आहे आणि तो आवाक्यातला आहे. औद्योगिक वसाहतींच्या संघटनांनी आपल्या सभासदांच्या पत्र्याच्या खरेदीचे भाव, मिळालेल्या ऑर्डरी, सुटलेल्या ऑर्डरी आणि कामगारांची संख्या यांची नोंद दर तिमाहीला ठेवावी. चौकशी सुरू झाल्याची अधिसूचना निघताच मुदतीत नाव नोंदवावे आणि एकत्रित निवेदन दाखल करावे. शुल्काला विरोध करायलाच हवा असे नाही. शुल्क हवेच, पण कोणत्या दर्जाचा माल वगळावा, किमतीची मर्यादा कुठे असावी, मुदत किती असावी, हेही आकड्यांनिशी सांगता येते. देशी उत्पादकांनीही शुल्काचे संरक्षण मागताना त्या काळात क्षमता, दर्जा आणि संशोधन यांत काय करणार, ते लेखी द्यावे आणि मुदत संपताना त्याचा हिशेब मांडावा.

मला देशात पोलाद बनावे असे वाटते. ज्या देशाला रूळ, पूल, जहाजे आणि यंत्रे हवी आहेत त्याने दुसऱ्याच्या उरलेल्या मालावर विसंबून राहू नये. तितक्याच मनापासून मला असेही वाटते की त्या पोलादाची किंमत कोण मोजतो हे लपून राहू नये. या दोन इच्छांचा मेळ घालायला उघड, पुराव्यावर चालणारी आणि सगळ्यांना आत येऊ देणारी चौकशी, याहून चांगली जागा मला ठाऊक नाही. हे पुस्तक वाचून एखाद्या औद्योगिक वसाहतीची संघटना पुढच्या चौकशीत आपले आकडे घेऊन उभी राहिली, तर ते लिहिण्याचे काम सार्थकी लागले असे मी मानेन.